किडनी द्यायची वेळ येण्याआधी

दुपारची भांडी आटपली असतील तर बसून ऐका, नसतील तर घासता घासता ऐका. आज आम्ही गटातल्या पाचजणी मिळून बोलतोय. आवाज एकीचाच येईल, कारण माईक एकच आहे, पण कागद पाचजणींनी बसून लिहिलाय.

सुरुवात झाली ती गटाच्या मासिक बैठकीत. हप्ते मोजून झाले, वही मिटायची वेळ आली आणि आमच्या एका वहिनींनी दहा हजारांचं कर्ज मागितलं. गोष्ट सांगा पण नाव नको, असं त्यांनीच सांगितलंय, म्हणून नुसतं वहिनी म्हणतो. वहीत कारण लिहावं लागतं. आमच्या सचिवबाईंनी विचारलं, "कशासाठी लिहू?" वहिनी म्हणाल्या, "भाड्यासाठी."

त्यांच्या मालकांच्या दोन्ही किडन्या गेल्यात. आठवड्यातून दोनदा जिल्ह्याच्या गावी डायलिसिसला जावं लागतं. तिथलं डायलिसिस फुकट आहे, सरकारी योजनेत. पण गाडीभाडं फुकट नाही. बरोबर एक माणूस लागतं, त्या माणसाची मजुरी बुडते. मशीनवर चार तास, जाण्यायेण्यात पाच तास, असा दिवस जातो. दहा हजार किती दिवस पुरणार, ते सगळ्यांना दिसत होतं.

अर्जावर सही करता करता वहिनी खाली बघून म्हणाल्या, "घरात बोलणं चाललंय. किडनी मी द्यायची म्हणतायत."

बैठकीत कुणी काही बोललं नाही. एक-दोघी म्हणाल्या, "बाईमाणसाचा धर्मच आहे तो." एक म्हणाली, "एका किडनीवर माणूस जगतं म्हणे." पण वहिनींना "तुमच्या मनात काय आहे?" असं आमच्यापैकी एकीनंही विचारलं नाही. हे नंतर घरी जाताना लक्षात आलं आणि लाज वाटली. म्हणून मग आम्ही या विषयाच्या मागे लागलो. आशाताईंना विचारलं, ग्रामीण रुग्णालयातल्या डॉक्टरबाईंना गाठलं, गटातल्या एकीची मुलगी नर्सिंग शिकते, तिनं पुस्तकं आणि लेख वाचून समजावून सांगितले. त्यातून जे कळलं ते आज सांगतोय.

आधी किडनी म्हणजे काय ते थोडक्यात. पाठीकडे, बरगड्यांच्या खालच्या बाजूला, दोन बाजूंना दोन. प्रत्येकी आपल्या मुठीएवढी. एकेका किडनीत साधारण दहा लाख बारीक गाळण्या असतात. दिवसभरात या गाळण्यांतून १८० लिटरच्या आसपास पाणी गाळलं जातं आणि त्यातलं जवळजवळ सगळं शरीर परत घेतं. उरलेलं दीड-दोन लिटर लघवीतून बाहेर पडतं. आपल्या पाण्याच्या टाकीशी ताडून बघा, म्हणजे मुठीएवढा अवयव किती राबतो ते कळेल. शिवाय रक्तदाब सांभाळणं, रक्त तयार व्हायला मदत करणं, हाडं नीट ठेवणं, हीसुद्धा तिचीच कामं. किडनी बिघडलेला माणूस पांढराफटक पडतो तो त्यामुळेच.

आता यातली खरी अडचण. किडनी दुखत नाही. मुतखडा झाला तर माणूस गडाबडा लोळतो, ते वेगळं. पण बीपीनं, शुगरनं जी किडनी हळूहळू झिजते, ती काहीच सांगत नाही. अर्ध्या गाळण्या निकामी झाल्या तरी उरलेल्या अर्ध्या काम ओढून नेतात, अगदी घरातल्या थोरल्या सुनेसारख्या. रक्तात क्रिएटिनिन नावाची तपासणी करतात, तीसुद्धा बरंच नुकसान होईपर्यंत ठीक येऊ शकते. पायावर सूज, सकाळी डोळ्यांखाली सूज, तोंडाची चव जाणं, मळमळ, दम लागणं, हे सगळं फार उशिरा येतं. वहिनींचे मालक उलट्या होतात म्हणून दवाखान्यात गेले आणि तिथून थेट डायलिसिसच्या खाटेवर पोचले. दहा वर्षं बीपी होतं. गोळी "डोकं दुखलं की" घ्यायचे.

हे वाचत असताना आम्हाला चेन्नईच्या एका डॉक्टरांचं काम सापडलं. आजचं बोलणं बरंचसं त्यांच्याविषयीच आहे. डॉक्टर एम. के. मणी. किडनीच्या आजाराचे तज्ज्ञ. काही वर्षं आपल्या मुंबईत जसलोक रुग्णालयात होते, मग चेन्नईला अपोलो रुग्णालयात गेले. १९९१ साली त्यांना पद्मभूषण मिळालं. म्हणजे मोठ्या शहरातले, मोठ्या रुग्णालयातले मोठे डॉक्टर. डायलिसिस, किडनी बदलणं, हेच त्यांचं रोजचं काम.

अशा माणसाच्या मनात एक हिशेब सुरू झाला. आपल्या देशात दर वर्षी लाखो लोकांच्या किडन्या निकामी होतात. त्यातल्या किती जणांपर्यंत मशीन पोचणार? किती जणांना दुसऱ्याची किडनी मिळणार? मिळाली तरी शरीरानं ती परकी म्हणून टाकून देऊ नये यासाठी जन्मभर महागाच्या गोळ्या घ्याव्या लागतात. त्या किती घरांना झेपणार? शंभरातल्या फार थोड्यांना. बाकीचे मरतात, आणि मरायच्या आधी घर विकून मरतात. मग मणी डॉक्टरांनी ठरवलं, किडनी जाऊ नये म्हणून खेड्यात काय करता येईल ते बघायचं. चेन्नईत किडनी हेल्प ट्रस्ट नावाची संस्था होती, तिच्यामार्फत १९९०च्या दशकाच्या अखेरीस चेन्नईजवळच्या खेड्यांत काम सुरू झालं. लोकसंख्या सुमारे २५ हजार.

हे काम कुणी केलं? डॉक्टरांनी नाही. त्याच भागातल्या बारावीपर्यंत शिकलेल्या मुलींनी. त्यांना शिकवून तयार केलं. त्या घरोघर जायच्या. ठरलेले प्रश्न विचारायच्या, बीपी मोजायच्या आणि लघवी तपासायच्या.

लघवी कशी तपासायच्या ते जरा सविस्तर सांगतो, कारण आम्हाला सगळ्यात आश्चर्य त्याचंच वाटलं. काचेच्या नळीत लघवी घ्यायची आणि त्यात सल्फोसॅलिसिलिक आम्लाचे थेंब टाकायचे. नाव अवघड आहे, काम सोपं आहे. लघवी स्वच्छच राहिली तर ठीक. दुधाचा थेंब पडल्यासारखी गढूळ झाली तर लघवीतून प्रथिन जातंय, ज्याला दवाखान्यात अल्ब्युमिन म्हणतात. गाळणी धड असेल तर प्रथिन सहसा खाली पडत नाही. चहाच्या गाळणीतून पावडर कपात आली तर आपण काय समजतो? जाळी फाटली. तसंच हे. दुसरी तपासणी साखरेची. बेनेडिक्टचं द्रावण निळं असतं. त्यात लघवीचे थेंब टाकून तापवायचं. निळंच राहिलं तर साखर नाही. हिरवं, पिवळं, नारिंगी, विटेसारखं लाल झालं तर साखर आहे, जितका लाल रंग तितकी जास्त. विजेचं यंत्र नको की मोठी प्रयोगशाळा नको. हल्ली या दोन्हीसाठी पट्टी मिळते. ती लघवीत बुडवायची आणि रंग बघायचा.

ज्यांच्यात काही सापडलं त्यांना डॉक्टर तपासायचे आणि औषध सुरू व्हायचं. औषधं निवडतानाही मणी डॉक्टरांनी एकच कसोटी लावली, कमीत कमी पैशांत काम करणारी. बीपीसाठी रेसर्पिन, हायड्रोक्लोरोथायझाइड, हायड्रॅलाझिन. शुगरसाठी मेटफॉर्मिन आणि ग्लिबेनक्लामाइड. सगळी जुनी औषधं. त्यातलं रेसर्पिन मूळचं आपल्या सर्पगंधेच्या मुळातलं. सर्पगंधेनं बीपी उतरतं, हे मुंबईच्या डॉक्टर रुस्तम वकील यांनी १९४९ साली इंग्लंडच्या वैद्यकीय मासिकात लिहिलं आणि जगानं ते वाचलं. (कुणी आता परड्यात सर्पगंधा शोधायला जाऊ नका. मुळी उगाळून घेतली तर किती औषध पोटात गेलं ते कळत नाही. गोळी डॉक्टरांनी सांगितलेलीच घ्यायची.)

किती खर्च आला असेल? मणी डॉक्टरांनी २००३ साली हा हिशेब किडनीच्या डॉक्टरांच्या आंतरराष्ट्रीय मासिकात मांडला. गावातल्या दर माणसामागे वर्षाला अमेरिकेचे २७ सेंट. त्या वेळचे आपले बारा-तेरा रुपये. एवढ्यात तपासणी आली, मुलींचा पगार आला, औषधं आली. आज महागाई वाढलीय, पण महिन्याला गटात जमा करतो त्या रकमेशी हे बारा-तेरा रुपये ताडून बघा.

आणि फळ काय मिळालं? बीपी असलेल्या शंभरातल्या नव्वदहून जास्त जणांचा दाब १४०/९० च्या खाली आला. मोठ्या शहरातल्या दवाखान्यांनाही हे सहज जमत नाही. शुगरचं मात्र तेवढं साधलं नाही, निम्म्याच लोकांची ताब्यात आली. आम्हाला हे आकडे वाचून विश्वास वाटला तो यामुळेच, की जे जमलं नाही तेही त्यांनी लिहून ठेवलंय. शुगर किती अवघड असते ते आपल्याला घरात दिसतंच. गोळी माणूस घेतो, पण चहात साखर घातली नाही तर घरात भांडण होतं.

आमच्यातल्या एकीनं इथं शंका काढली, "बीपी-शुगर नसलेल्यांच्याही किडन्या जातात, त्यांचं काय?" बरोबर आहे. आंध्र प्रदेशात श्रीकाकुलम जिल्ह्यात उद्दानम म्हणून भाग आहे, तिथं शेतावर राबणाऱ्या कित्येकांच्या किडन्या कारण न सापडता गेल्यात. उन्हात राबणं, पाणी कमी पिणं याचा किडनीवर ताण येतो हे तर नक्कीच. आणि पाणी कमी कोण पितं? आपणच. ऊसतोडीला, खुरपणीला, रोजगार हमीच्या कामावर आडोसा नसतो म्हणून बाई सकाळपासून तहान मारते. त्यातून लघवीला जळजळ, मग जंतुसंसर्ग, आणि तो अंगावर काढायचा. वर अंग ठणकतं म्हणून रोज संध्याकाळी दुकानातून दोन रुपयांची दुखण्याची गोळी. ही गोळी एखाद्या दिवशी घेतली तर वेगळं, पण महिनोन् महिने रोज घेतली तर किडनीला मारते. आमच्या डॉक्टरबाई म्हणाल्या, "कामावरून आलेल्या बाईच्या ओच्यात बघा, तंबाखू नाहीतर ही गोळी सापडते." मीठही कमी करायला सांगितलंय. आम्ही हसलो, कारण आमच्या गटाचा धंदा पापड-लोणच्याचा. पण सांगितलंय ते खरं आहे.

लघवीची तपासणी आपल्याला नवी नाही. पोटुशी असताना प्रत्येकीनं ती बाटली दिलीय. तेव्हा बघत असतात तेही प्रथिनच. पोटुशेपणी बीपी वाढलं, अंगावर सूज आली, लघवीत प्रथिन सापडलं की डॉक्टर सावध होतात, कारण पुढे झटके येऊ शकतात. बाळंतपण पार पडलं की बीपी उतरतं आणि आपण विसरतो. पण ज्या बाईला पोटुशेपणी हा त्रास झाला, तिला पुढच्या आयुष्यात बीपीचा आणि किडनीच्या आजाराचा धोका इतरांपेक्षा जास्त असतो. तिनं वर्षातून एकदा तरी तपासायला हवं. हे आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं. बाळ झालं की बाईची लघवी कुणाला हवीय!

आता किडनी देण्याघेण्याकडे वळतो. वहिनींसाठी आम्हाला तेच समजून घ्यायचं होतं.

जिवंत माणसाची किडनी दुसऱ्याला बसवणं पहिल्यांदा नीट जमलं ते १९५४ साली, अमेरिकेत बोस्टन शहरात. डॉक्टर जोसेफ मरे यांनी ते केलं, १९९० साली त्यांना त्याबद्दल नोबेल पारितोषिक मिळालं. दोन जुळे भाऊ, एकानं दुसऱ्याला दिली. अगदी एकसारखे जुळे, म्हणून शरीरानं परकी मानली नाही. ज्याला दिली तो आठ वर्षं जगला. ज्यानं दिली तो एका किडनीवर पुढे छप्पन्न वर्षं जगला. १९५६ साली एका बाईला तिच्या जुळ्या बहिणीनं किडनी दिली. दोन वर्षांनी त्या बाईला बाळ झालं आणि ती २०११ सालापर्यंत जगली. आपल्या देशात मुंबईच्या केईएम रुग्णालयात १९६५ साली प्रयत्न झाला, पण तो रुग्ण काही दिवसांतच गेला. पहिलं यश वेल्लोरला १९७१ साली मिळालं.

तेव्हा एका किडनीवर माणूस जगतं, हे खरं आहे. निरोगी माणसानं, नीट तपासणी करून, स्वतःच्या मनानं दिली तर तो बहुतेक वेळा चांगला जगतो. आम्ही कुणालाही देऊ नका असं सांगत नाही. आईनं लेकराला दिली, बहिणीनं भावाला दिली, यासारखं मोठं दान नाही. पण "जगतं म्हणे" एवढ्यावर भागत नाही. देणाऱ्याला बीपी नको, शुगर नको, लघवीत प्रथिन नको. देणारी तरुण असेल आणि पुढे मूल हवं असेल तर तिच्या बाळंतपणात बीपीचा धोका थोडा वाढतो, हेही तिला आधी सांगायला हवं.

आणि देतं कोण? सरकारी आकडेवारी बघा. १९९५ ते २०२१ या वर्षांत देशात वेगवेगळ्या अवयवांची ३६,६४० प्रत्यारोपणं झाली. त्यातली २९,६९५ पुरुषांना आणि ६,९४५ बायकांना. चार पुरुषांमागे एक बाई. घेण्यात हे. देण्यात उलटं. २०२३ या एका वर्षात जिवंतपणी अवयव देणाऱ्यांत ९,७८४ बायका होत्या आणि ५,६५१ पुरुष. आता कुणी म्हणेल, पुरुष जास्त आजारी पडतात. थोडं असेल तसं. पण चारास एक? आमच्या डॉक्टरबाईंनी एवढंच विचारलं, "बाईची किडनी गेली तर तिला तपासायला जिल्ह्याला नेतंच कोण?"

मणी डॉक्टरांनी आणखी एका गोष्टीवर सातत्यानं लिहिलं, ते म्हणजे पैसे देऊन किडनी घेण्याविरुद्ध. चेन्नईत हा धंदा फार चालायचा. विल्लीवाक्कम नावाच्या वस्तीत इतक्या लोकांनी किडन्या विकल्या की लोक तिला किडनीवाक्कम म्हणू लागले. १९९४ साली कायदा होऊन विकणं-घेणं गुन्हा ठरलं, तरी चोरून चालू राहिलं. २००१ साली संशोधकांनी चेन्नईत किडनी विकलेल्या ३०५ जणांना गाठून विचारलं, आणि पुढच्या वर्षी ते अमेरिकेच्या वैद्यकीय मासिकात छापून आलं. त्या ३०५ जणांत ७१ टक्के बायका. विकली कशासाठी? ९६ टक्के म्हणाले, कर्ज फेडायला. मग फिटलं का कर्ज? विचारलं तेव्हा चारातल्या तिघांच्या डोक्यावर अजून कर्ज होतंच. घरची कमाई विकल्यानंतर वाढली नाही, तिसऱ्या हिश्शानं कमी झाली, कारण अंगातली ताकद गेली. ७९ टक्के म्हणाले, आम्ही दुसऱ्या कुणाला असं करायला सांगणार नाही.

हे वाचून झाल्यावर आम्ही आमची गटाची वही पुन्हा उघडून बसलो. कुणाकुणाचे हप्ते थकलेत, कोण कोण सावकाराकडून आणून आपला हप्ता भरतंय. कर्जाच्या वसुलीसाठी बायकांच्या दारात जाऊन बसणारे लोक आपण पाहिलेत. आपल्या गटातही कधी कधी आपणच एकीच्या दारात जाऊन बसलोय. त्यावर आमचं भांडण झालं, आणि ते अजून मिटलेलं नाही. या कागदावर ते लिहायचं की नाही यावरही दोघींचं एकमत नव्हतं.

कायद्याचं थोडं सांगतो, कारण ते वहिनींच्या कामी आलं. कायद्यानं जवळचं नातं म्हणजे नवरा-बायको, आईबाप, मुलगा-मुलगी, भाऊ-बहीण, आजीआजोबा आणि नातवंडं. यांच्याबाहेरच्या कुणी द्यायची असेल तर वेगळ्या समितीची परवानगी लागते. २०१४ च्या नियमांत एक कलम खास बाईसाठी आहे. देणारी बाई असेल तर जास्त काळजी घ्यायची, आणि ती मनापासून तयार आहे का, हे किडनी घेणाऱ्याखेरीज दुसऱ्या कुणाकडून पक्कं करून घ्यायचं. शिवाय सही केलेली असली तरी शस्त्रक्रिया होईपर्यंत केव्हाही "नको" म्हणता येतं.

वहिनींना ज्या रुग्णालयात नेलं, तिथं पहिल्या दिवशी नवरा, सासू आणि दीर यांच्यासमोरच विचारलं, "काय ताई, तयार आहात ना?" वहिनी मान हलवून आल्या. दुसऱ्या वेळी आमच्या सचिवबाई बरोबर गेल्या. त्या चौथी शिकलेल्या आहेत, पण नियमाचा कागद झेरॉक्स करून पिशवीत नेला होता. त्यांनी तिथल्या बाईंना म्हटलं, "यांच्याशी एकटीशी बोला." जरा नाराजी झाली, पण बोलल्या. आत काय बोलणं झालं ते वहिनींनी आम्हाला सांगितलं नाही आणि आम्ही विचारलं नाही.

त्यानंतर तपासण्या झाल्या. वहिनींचं बीपी १६० च्या वर निघालं. लघवीत प्रथिन. बावीस वर्षांपूर्वी धाकट्याच्या वेळी त्यांच्या अंगावर सूज होती, बाळंतपण तालुक्याला करावं लागलं होतं. त्यानंतर बावीस वर्षांत त्यांचं बीपी एकदाही कुणी मोजलं नव्हतं. मालकांना दवाखान्यात नेताना पट्टा मालकांच्याच दंडाला बांधला जायचा, वहिनी शेजारी औषधांची पिशवी धरून उभ्या असायच्या. डॉक्टरांनी सांगितलं, यांची किडनी घेता येणार नाही, यांचीच सांभाळायला हवी.

घरी काही दिवस अबोला होता. सासूबाई म्हणाल्या, "हिनं मुद्दाम आजार लपवला." लपवायला आधी ठाऊक असायला हवा ना! आता वहिनी रोज गोळी घेतात. दंडाला पट्टा बांधून बीपी बघायला आमच्याकडे येतात, येताना शेजारणीला घेऊन येतात.

आम्ही गटाच्या पैशांतून बीपीचं मशीन घेतलं. लघवीच्या पट्ट्या आशाताईंनी उपकेंद्रातून मिळवून दिल्या. आमच्या गटातली बी. ए. झालेली सून आणि नर्सिंगवाली मुलगी मोजायला शिकल्या. पहिल्याच दिवशी आणखी चौघींचं बीपी जास्त निघालं, त्यातल्या दोघी म्हणाल्या, "मशीन बिघडलंय." दुसऱ्या दिवशी, तिसऱ्या दिवशी पुन्हा मोजलं, मग गेल्या डॉक्टरबाईंकडे. एकदा जास्त आलं म्हणजे आजार असं नाही, निवांत बसवून, दोन-तीन वेगळ्या दिवशी मोजायचं. पाळीच्या दिवसांत लघवी द्यायची नाही, निकाल चुकतो. आणि पट्टीवर प्रथिन दिसलं म्हणजे किडनी गेली असं कुणाच्या अंगावर ओरडायचं नाही. ताप असला, लघवीला जळजळ असली तरी दिसू शकतं. पुन्हा तपासायचं आणि डॉक्टरांना दाखवायचं.

तीस वर्षांवरच्या सगळ्यांची बीपी-शुगरची तपासणी उपकेंद्रात फुकट असते, आशाताईंकडे त्याचा फॉर्म आहे. घरातल्या पुरुषांनाही पाठवा. ते येत नाहीत, ठाऊक आहे. आम्ही दूध डेअरीवर सकाळी मशीन घेऊन बसलो, तेव्हा कॅन घेऊन रांगेत उभे होते त्यांना पळता आलं नाही.

वहिनींचं दहा हजारांचं कर्ज मंजूर झालं, कारणाच्या रकान्यात "प्रवास" लिहिलंय. मालकांचं डायलिसिस मंगळवारी आणि शनिवारी चालू आहे. नाव मेलेल्या माणसाच्या किडनीसाठीच्या यादीत घातलंय, नंबर लांब आहे. दोन्ही दिरांचा रक्तगट जुळतो. त्यांनी अजून तपासणी केलेली नाही, थोरले म्हणतात पेरणी झाल्यावर बघू.

येत्या बुधवारी सकाळी सात ते नऊ आम्ही समाजमंदिरात असू. बाटली उकळत्या पाण्यानं धुऊन आणा, सकाळची पहिली लघवी आणा. ज्यांना पोटुशेपणी सूज आली होती त्यांनी आधी रांगेत उभं राहायचं, वय कितीही असो. नमस्कार.